रुपयाभार मुळी

माझ्या थोरल्या भावाला व्यवहार कळतो, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. कळतो ना. म्हणूनच त्याने एका म्हाताऱ्या ठाकरणीचा चांदीचा रुपया दहा रुपयांना घेतला. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ही मावशी ठाकुरवाडीकडच्या डोंगरातली. वर्षानुवर्षं ती आईच्या गुडघ्यांसाठी मुळी आणायची. ओटीवर बसायची, कमरेची पिशवी सोडायची, छोटी तागडी काढायची. एका पारड्यात राजाचं तोंड असलेला जुना रुपया, दुसऱ्यात मुळी. रुपयाभार मुळीचा काढा करायचा. कमी पडली तर गुण नाही, जास्त झाली तर जुलाब. तो रुपया तिच्या आजीपासून याच कामाला होता. त्याने कोणी कधी मीठसुद्धा विकत घेतलं नव्हतं.

त्या दिवसांत चांदी रोज चढत होती आणि भाऊ मोबाइलवर भाव बघत बसायचा. मावशी आली तशी त्याने पारड्यातला रुपया उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मावशे, हा आता चालत नाय. बंद झाला. हे दहाचं नाणं घे, नवं हाय." मी दारातच तांदूळ निवडत होते. मला वाटलं, थट्टा करतोय, म्हणून गप्प बसले. माझ्या तोंडाला काय कुलूप घातलं होतं कोणी?

चालत नाही म्हणजे दुकानात चालत नाही, एवढंच. पण तिला वाटलं, मापच बंद झालं. नोटा बंद झाल्या तेव्हा तिच्या वाडीत एकीच्या डब्यातले पैसे तसेच कागद होऊन पडले होते, ते तिने पाहिलं होतं. आता सरकारने वजनंही बदलली असतील, असं समजून तिने रुपया दिला. वर "बरं केलंस बाबा, सांगितलंस," असंही म्हणाली.

पुढच्या महिन्यात आली ती मुळी घेऊन आली, पण पिशवी सोडेना. "तुमचं नाणं हलकं हाय गं," मला म्हणाली. "किती हलकं ते मला कळत नाय. अंदाजानं कसं देऊ? तुजी आय आजारी पडली तर?" आई तेव्हा भिंत धरून उठत होती, आणि उठता उठता कण्हत होती.

मी तडक भावाकडे गेले. रुपया कर्जतच्या एका सराफाला विकून कधीच वितळवून झाला होता. लाज वाटेल तर शप्पथ. "त्याच्यावर लिवलं काय व्हतं? एक रुपया. मी दहा दिले," म्हणाला.

हाच माणूस. कुंभिवलीची आमची जमिनीची पट्टी सरकारी रस्त्यात गेली तेव्हा कचेरीत टेबलावर हात आपटून आला होता. कागदावरचा भाव आम्हाला सांगू नका, बाजारात काय मिळतं ते बोला, म्हणून. "मग कागदावरचा भाव तुला चालत नाय आणि तिला चालतो होय रं दादा?" मी विचारलं. त्याने मोबाइल उचलला आणि कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतंच, मला ठाऊक आहे.

आईने दोन दिवस त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, तेव्हा कुठे त्याने सराफाकडून लक्ष्मीचं नाणं आणलं. दहा ग्रॅम, प्लास्टिकच्या डबीत, शंभर नंबरी चांदी. तिच्या रुपयापेक्षा शुद्ध आहे म्हणे. अरे, शुद्ध घेऊन ती काय करेल? तिला तिच्या रुपयाचा भार हवा होता.

शेवटी आईच म्हणाली, देवातला रुपया दे. आमच्या देव्हाऱ्यात त्याच राजाचा एक होता. मी मावशीला बोलावणं धाडलं आणि तो तिच्या हातावर ठेवला. तिने तळहातावर तोलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"ह्यो भरलेला हाय. माजा झिजलेला व्हता."

आजी, आई आणि ती, तिघींच्या बोटांनी झिजलेला. आजीने शिकवलं ते त्या झिजलेल्या रुपयावर. फरक तो केवढासा, मी म्हटलं. "तुला कळत नाय तर मला सांगू नको," ती म्हणाली. मला तिचा राग नाही आला. ती खोटं माप द्यायला तयार नव्हती, एवढंच.

तिने रुपया परत दिला, तागडीची पिशवी कमरेला नीट खोचली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ही मुळी आता मी कोनालाच देनार नाय, बाय," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. आई डोळे पुसत होती.

भाऊ दारातच उभा होता. मावशी अजून अंगणात होती तोच मला म्हणाला, "तो देवातला आत ठेव गं नीट. आज त्याला लय भाव हाय."