मामाला चिकटलेलं नाव

माझा मामा सातवी शिकलेला, पण कामावर सगळे त्याला इंजिनिअर म्हणायचे. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तो यंत्रं सांभाळायचा. तिथल्या कपडे पिळायच्या यंत्राचं झाकण आतलं पिंप फिरायचं पूर्ण थांबेपर्यंत उघडत नसे, आणि त्यात वेळ जाई. मामानं तारेचा तुकडा वाकवून झाकणाच्या कुलपात असा बसवला, की ते केव्हाही उघडावं. मुकादम खूश झाला. "हा तर आपला इंजिनिअर," म्हणाला. मामीसुद्धा लाडात आली की तेच म्हणू लागली.

तीन महिन्यांनी चादरी काढणाऱ्या बाईनं पिंप फिरत असतानाच आत हात घातला. चादरीचा पीळ बसला आणि उजवा हात कोपरापासून गेला. धावपळीत मामानं तार काढून खिशात टाकली. चौकशीला आलेल्या साहेबांनी यंत्र जुनं झाल्याचं लिहून नेलं. मुकादमानं तोंडातून ब्र काढला नाही. मामानंही नाही.

बरी झाल्यावर बाईला गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. पुढची अकरा वर्षं रोज सकाळी ती विचारायची, "काय इंजिनिअर, झाला का चहा?" घरी पंखा बंद केला, की पाती थांबेपर्यंत मामा त्याच्याकडे बघत उभा राही. मामी गेल्यावर तर त्यानं पंखा लावणंच सोडलं.

मी तेव्हा शब्दकोशाच्या कचेरीत होते. एका रविवारी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की इंजिनिअर या शब्दाचा खरा अर्थ काय. मी सांगितलं, लॅटिनमध्ये इंजेनियम म्हणजे उपजत बुद्धी. पुढे त्यावरून आलेला शब्द युक्तीला लागला, मग युक्तीनं केलेल्या यंत्राला. ती यंत्रं बहुतेक लढाईची, तट फोडायची. ती करणारा तो इंजिनिअर. पूल बांधणारे मागून आले.

"आधी बुद्धी, मग युक्ती, मग माणूस मोडायचं यंत्र," मामा म्हणाला. "बरोबर नाव ठेवलंय मला." आणि तारेची गोष्ट त्यानं पहिल्यांदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो तिच्या घरी गेला. उंबऱ्यातच सगळं बोलून मोकळा झाला. ती डाव्या हातानं भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"तार मला रोज दिसायची," ती म्हणाली. "मलाही घरी लवकर जायचं असायचं. पण तुम्ही ती खिशात टाकलीत, तेही दिसलं होतं मला."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मामानं विचारलं.

"बोलत होते की. रोज सकाळी."

मामानं मालकाला लेखी कबुली दिली. त्याची नोकरी गेली. नंतर मालकानं सगळी यंत्रं तपासून घेतली, तर आणखी दोन कुलपांत तशाच वाकवलेल्या तारा निघाल्या. हे कळलं त्या दिवशी मामा माझ्याकडे आला.

"मी कुणाला शिकवलं नव्हतं गं," तो म्हणाला.