शाईच्या पाण्यातला दिवा

तात्या पाटील गेल्याचं मला शाळेच्या घंटेनं सांगितलं. अवेळी घंटा झाली, मुलं पटांगणात उभी केली आणि हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले, "विज्ञानाचा थोर शिक्षक हरपला." महिना होत आला, पण त्या वाक्यानं अजून माझं डोकं फिरतं... विज्ञानाचा म्हणे!

तात्या उचगावच्या शेतकरी घरातले. मी मराठी शिकवतो, ते विज्ञान शिकवायचे. त्यांचा आवडता प्रयोग दिव्याच्या उष्णतेचा. काचेच्या पेल्यातल्या पाण्यात मोटारीचा छोटा दिवा बुडवायचा, बॅटरीवर पेटवायचा आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. मग पाण्यात काळी शाई ओतून पुन्हा तेच. साध्या पाण्यातून उजेड निसटतो. शाई तो अडवते, त्याचीही उष्णता होते. पोरं खुळावून बघत. आमच्याकडं प्रयोगाची रूढ रीत वेगळीच. पुस्तकातलं उत्तर आधी बघायचं आणि थर्मामीटरचे आकडे मागून त्याला बसवायचे. तात्यांच्या वर्गात हे चालत नसे. खिडकीजवळच्या टेबलाचं पाणी वाऱ्यानं कमी तापलं, तर तसंच लिहायचं आणि खाली कारण द्यायचं.

एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "प्रत्येक टेबलाचं उत्तर निराळं कसं?" हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांची पाठ वळताच त्यांनी तात्यांना फर्मावलं, "सगळे आकडे एकसारखे करून घ्या."

"मग परयोग कशाला करायचा?" तात्यांनी माझ्यासमोरच हेडमास्तरांना विचारलं. "पुस्तकच उतरून काढूया की!"

जूनमध्ये तात्यांकडं कवायत आणि खालच्या वर्गाचा भूगोल आला. विज्ञान गेलं ते गेलंच. पोरांना खरं लिहायला लावलं, एवढाच गुन्हा! ऊन असो, थंडी असो, तो माणूस मैदानात शिट्टी फुंकत राहिला. आणि आता हेच लोक त्याच्या नावानं गळा काढतात. मेल्या माणसाची स्तुती करायला काय जातं?

परवा तात्यांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या शेवटच्या दुखण्याचं सांगत होत्या. "डॉक्टर मला म्हणालं, ताप उतरलाय, घाबरू नका. तर ह्यांनी थर्मामीटर मागून घेतला. उजेडाकडं धरून लई येळ बघितला आन् डॉक्टरला म्हणालं, एकशे तीन हाय. तिला खोटं सांगू नका."