आईचं माहेरचं नाव

रविवारी जेवणं झाली की माझी सून डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून पूर्वज शोधत बसते. ती क्युबेकची, कॅनडातल्या फ्रेंचांची लेक. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, माझ्या मुलाच्या ऑफिसात आली आणि आमची झाली. तिचे पूर्वज कधीकाळी फ्रान्सहून जहाजानं तिकडे वसाहत करायला गेलेले, आणि पाद्रीबुवांनी एकेकाचं बारसं, लग्न, मरण लिहून ठेवलेलं. त्यांच्या नावांची तऱ्हा ऐकून मी कपाळाला हात लावला. प्रत्येक मुलीला आधी येशूच्या आईचं नाव, प्रत्येक मुलाला तिच्या नवऱ्याचं, आणि हाक मारायला तिसरंच. त्यात एक खापरपणजोबा शिपाई. त्याला पलटणीत पडलेलं टोपणनाव अर्ध्या घराण्यानं आडनाव म्हणून लावलं, उरलेल्यांनी नाही.

"एवढ्या घोळात तुला माणसं सापडतात तरी कशी?" मी विचारलं.

"बायका सगळ्यात सोप्या, आई," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "लग्न झालं तरी चर्चच्या कागदात त्यांचं जन्माचंच नाव. मरेपर्यंत." आणि मग सहज विचारलं, "आजीचं जन्माचं नाव काय?"

आजी म्हणजे माझी आई. ऐंशी कधीच ओलांडली तिनं. बाबा गेल्यावर व्हिसासाठी जिवाचं रान करून मी तिला नागपूरहून आणली. हल्ली ती तिच्या नावाला ओ देत नाही. नर्स पासपोर्टवरचं, म्हणजे सासरचं, नाव घेऊन गोड हाका मारते, आई खिडकीबाहेर बघत राहते. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या या आजारात अलीकडचं आधी जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं. म्हणजे लग्नाआधीची ती मुलगी अजून आत कुठेतरी बसलेली होती, आणि तिला हाक कशी मारायची ते मला माहीत नव्हतं. पोटची पोर असून माहीत नव्हतं. मला राग आला, पण कोणावर काढायचा?

आमच्यात लग्नात नाव बदलतात. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. माझंही बदललं आणि मी हौसेनं मिरवलं.

मी नागपूरला मामेभावाला फोन लावला. मामा जाऊन बरीच वर्षं झाली.

"अगं ताई, आम्ही आत्याच म्हणत आलो," तो म्हणाला. "बाबा अक्का म्हणायचे. आजोबा तर नुसतं पोरी म्हणायचे."

"अरे, पण नाव?"

"थांब, विचारून सांगतो." मग स्वतःच म्हणाला, "पण विचारू कोणाला?"

तेव्हापासून आईला मऊ भात भरवताना मी अंदाजानं हाका मारते. नद्यांची नावं झाली, देवींची झाली, फुलांची चालू आहेत. सूनही शेजारी बसून तीच नावं तिच्या उच्चारांत म्हणते, ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही दोघी खुळ्या झालोय. एकदा आईनं झटकन मान वळवली. मी तेच नाव पुन्हा मोठ्यानं घेतलं. बाहेर कौन्सिलची कचऱ्याची लॉरी आली होती.

परवा दुपारी आईनं चमचा बाजूला सारला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुझं नाव काय गं?"

मी सासरचं सांगितलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी बोलताना हलवावी तशी तिनं मान हलवली. मग मी माहेरचं सांगितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कोणी ठेवलं?"

"माझ्या आईनं."

"हो? आणि माझं काय ठेवलंय?"

मी भाताचा चमचा भरला. तिनं तोंड उघडलं नाही. ती उत्तराची वाट बघत होती.