ताटाच्या कडेची तिरफळं

मस्कतमध्ये मी अकरा वर्षं नोकरी केली. कुणी विचारलं की तिथला उन्हाळा सांगतो, खजूर सांगतो, अत्तराची दुकानं सांगतो. नाटे गावच्या चाचांबद्दल मात्र बायकोलाही कधी बोललो नाही. विषय निघेल असं वाटलं की मीच दुसरं काही काढायचो. आता सत्तरी उलटली आहे. आणखी टाळण्यात अर्थ नाही.

मी एकटा राहायचो, स्वयंपाक येत नव्हता, म्हणून खोलीजवळच्या एका खानावळीत जेवायचो. मालक केरळचा. रोजचा बेत डाळ, भात, तळलेली मासळी. पहिल्याच आठवड्यात वाढणारा म्हातारा माझ्याशी हिंदीत बोलता बोलता थांबला.

"कुठले वो तुम्ही?"

"रत्नागिरी."

"रत्नागिरी नाय, रत्नांग्री म्हणा! मी नाट्याचा."

ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, मुसलमान. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. गावाहून आणलेली तिरफळं, जिभेला झिणझिण्या आणणारी ती मसाल्याची फळं, त्यांनी एका बरणीत जपली होती. बांगडे चांगले मिळाले की ती घालून तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, करायचे आणि माझ्यासाठी वाटीभर बाजूला ठेवायचे. एकदा मला ताप आला, तर दुपारची विश्रांती सोडून खोलीवर पेज घेऊन आले आणि मी ती संपवेपर्यंत समोर बसून राहिले.

ऑफिसात मात्र मी वेगळाच माणूस होतो. आमचे साहेब आणि दोघे सहकारी पुण्याचे. कोकणी माणसाच्या हेलाची नक्कल ही त्यांची जेवणानंतरची करमणूक. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं, "आम्ही मूळचे पुण्याचेच." मग तोंड उघडताना प्रत्येक शब्द तोलायची सवय लागली.

एका शुक्रवारी सुट्टी होती आणि साहेबांना मासे खायची हुक्की आली. जवळपास दुसरी जागा नव्हती. मी त्यांना चाचांच्याच खानावळीत नेलं. चाचा आज आत रांधत असतील, बाहेर येणार नाहीत, अशी आशा करत होतो.

ते बाहेरच उभे होते. चेहरा नुसता फुलला.

"काय वो रत्नांग्रीकर, आज वऱ्हाड घेऊन आलात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय? तुम्ही रत्नागिरीचे?"

मी चाचांकडे वळलो आणि हिंदीत म्हणालो, "आपको कुछ गलतफहमी हो रही है। मैं आपको नहीं जानता।"

मी फक्त माझ्या गावचा हेलच लपवत नव्हतो. खानावळीत वाढणारा हा म्हातारा मला आपला म्हणतो आहे, याचीही मला त्या क्षणी लाज वाटली. हेही लिहायलाच हवं.

चाचा फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "माफ करना साब। चेहरा मिलता है।"

त्यांनी तिखलंच वाढलं. साहेबांच्या दाताखाली तिरफळ आलं, "हे काय चावलं?" म्हणत त्यांनी ते थुंकून टाकलं. इतर दोघांचंही तेच झालं. मी बोलत होतो, हसत होतो आणि लहानपणापासूनच्या सवयीने एकेक तिरफळ न चावता ताटाच्या कडेला ठेवत होतो. साहेबांचं लक्ष नव्हतं. ताटं उचलताना चाचांनी त्या पाच तिरफळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"और कुछ, साब?"

त्यानंतर तीन वर्षं मी तिथे जेवलो. एकटा असलो तरी ते माझ्याशी हिंदीतच बोलले. वाढण्यात कधी कसूर नाही. फक्त ती बाजूला ठेवलेली वाटी पुन्हा आली नाही. मग ते गावी परतले.

निवृत्त होऊन रत्नागिरीला आल्यावर एकदा मनाचा हिय्या करून मी एसटीने नाट्याला गेलो. ते पडवीत जाळं नीट करत बसले होते. खूप थकले होते, पण लगेच उठले आणि खुर्ची पुढे केली.

"कोण आलंय?" आतून त्यांच्या बायकोने विचारलं.

"मस्कतचे साहेब. आमच्या हाटेलात यायचे. पुण्याचे."

तो टोमणा होता, की माझं खोटं ते अजून माझ्यासाठी सांभाळत होते, मला कळलं नाही. ते खोडून काढायला तोच क्षण होता. मी चहा घेतला. यंदा मासळी कशी आहे ते विचारलं. त्यांनी सुकटीची पुडी बांधून दिली, तीही घेतली आणि "येतो" म्हणून निघालो.

ते अजून आहेत. नाट्याची एसटी रोज सुटते. मी गेलेलो नाही. त्या पडवीत जे म्हणायचं होतं ते एवढंच: चाचा, मी पुण्याचा नाही, रत्नांग्रीचा. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. गुन्हा माझा होता आणि माफी तुम्ही मागितलीत. मला माफ करा.