परत नेऊन सोडल्याची नोंद

माझ्या हातून नोकरीत बरेवाईट पुष्कळ तपास झाले. त्यातला एक आठवला की आजही मला स्वतःचाच राग येतो, आणि गंमत म्हणजे जीव अडकलाय तोही त्याच तपासात. कोणाचं नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना वाचताच कळेल.

मी सायबर विभागात गेलो ते काही अंगच्या हुशारीमुळे नव्हे. मी भरती झालो तेव्हा पंचनामे कार्बन घालून टाइपरायटरवर निघायचे आणि मला टायपिंग येत होतं. पुढे ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, काम संपलं की त्याच्यावर कापड झाकायचं, असा त्याचा थाट. ‘याला बटणं दाबता येतात’ एवढ्या भांडवलावर मला तिथे बसवलं. बरोबरीचे फौजदार खून-दरोड्यांमागे जीप पळवायचे आणि मला ‘बटणवाले’ म्हणायचे. तेच मित्र पुढे मोबाइल हातात धरून माझ्या टेबलाशी उभे राहायचे, ‘आमच्या पोरीचं खातं कुणीतरी उघडलंय, बघ की’ म्हणून. फार छान दिवस होते ते. शिकायला सगळं नवीन होतं आणि शिकवायला कोणीच नव्हतं.

हा तपास आला तोपर्यंत मी विभागाचा प्रभारी झालो होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा कप तोंडाला लावतो, तोच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक कारखानदार तक्रारीचा अर्ज घेऊन आले. चादरी आणि टॉवेलचा मोठा कारखाना. सोबत त्यांचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला.

तक्रार अशी होती. पूर्वी चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून मागावर चढवायची. आता ती कॉम्प्युटरवर काढतात. या कारखान्याने येत्या हंगामासाठी बनवलेल्या सगळ्या नव्या नक्ष्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये छापून आल्या होत्या. कोणीतरी फायली पळवल्या होत्या.

मालक रागाने लाल झाले होते. मुलगा मात्र शांत. त्याने कॉम्प्युटरमधल्या नोंदींचा कागद काढून आणला होता, त्यातली एक ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या नावाने कॉम्प्युटर उघडला आणि पेनड्राइव्ह लावला, सगळं स्वच्छ. निघताना तो मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, पप्पांना वाईट वाटेल म्हणून त्यांच्यासमोर बोललो नाही. आमच्या डिझायनरकडं जरा बघा. जुना माणूस आहे, पण हल्ली त्याचं मन कामात नाही.”

मी त्याची पाठ थोपटली. असा नीटनेटका तक्रारदार सगळ्यांना मिळो, असं सहकाऱ्यांना म्हणालोसुद्धा. तपासात जो फार पुढे होऊन मदत करतो त्याच्याकडे आधी बघावं, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

डिझायनर पन्नाशी उलटलेला, कुंभारीकडच्या कामगार वसाहतीत राहणारा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. पत्त्यांना भोकं पाडण्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं एकट्याने शिकलेला. म्हणजे तसा माझ्याच जातकुळीचा माणूस, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. नोटीस पाठवून बोलवता आलं असतं. मी घाई केली आणि कारखान्याच्या फाटकावर जीप पाठवली. पहिली पाळी सुटून दुसरी आत जात होती. सायकली आणि मोटारसायकली थांबल्या आणि दीडदोनशे माणसांच्या डोळ्यांदेखत शिपायांनी त्याला जीपमध्ये बसवलं.

तीन दिवस मी त्याला बोलवत होतो. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. मी अरेतुरे करत होतो, तो साहेब-साहेब करत होता.

“कॉम्प्युटर तुझ्याच नावानं उघडतो ना?”

“व्हय साहेब.”

“आणि या नक्ष्या तूच काढल्या?”

“मीच काढल्या.”

“मग दुसऱ्याकडे गेल्या कशा?”

“ते मला ठावं न्हाय.”

यापुढे तो जात नसे. मी आवाज चढवला की खाली बघायचा. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, “साहेब, काय ते लवकर ठरवा. गल्लीत कोण बोलंना झालंय. एमआयडीसीत चोराला कुणी दारात उभं करत न्हाय. ह्या कामाबिगर मला दुसरं काय येत न्हाय.” मी हे ऐकलं आणि गुन्हा दाखल करायची तयारी चालू ठेवली.

आमच्याकडे एक महिला हवालदार होत्या, मूळच्या दुधनीच्या. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि परत यायच्या. कागद फाइलला लावताना त्यांनी पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं.

“साहेब, ही तारीख म्हंजे खंडेनवमी की.”

“बरं मग?”

“मग काय? त्या दिशी आपल्या कॉम्प्युटरला मी हार घातला, तर तुमी मलाच रागावला. गुन्हेगार सुट्टी घेतेत का म्हणला. हे कारखान्यातलं माणूस पूजा मांडल्यावर कॉम्प्युटरला हात लावतंय व्हय?”

मी कॅलेंडर काढून बघितलं. खंडेनवमीच होती. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगायला नको. त्या दिवशी माग पुसायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी ती तारीख तीन दिवस नुसता आकडा म्हणून वाचत होतो. कागदावरची वेळ होती दुपारी पावणेपाच.

मी डिझायनरला परत आत बोलावलं आणि या वेळी खुर्ची दिली. त्या दिवशी काय झालं ते विचारलं.

“अकराला पूजा झाली. कॉम्प्युटरला मीच हार घातला, हळदकुंकू लावलं. परसाद घेऊन समदी घरला गेली.”

“दुपारी परत आला होतास?”

“कशाला? पूजेतल्या हत्याराला हात लावला तर पोट भरंल का माझं?”

“अरे, मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, “तुमी इचारलं, कॉम्प्युटर तुज्या नावानं उघडतो का. उघडतो की. खोटं कसं बोलू? पासवर्ड तर पडद्याच्या कडंला चिकटवलाय. समद्यांस्नी दिसतो.”

मी तो कारखाना एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता. खुर्चीत बसून, दुसऱ्याने आणून दिलेला कागद वाचून तपास चालवला होता. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवायला निघालो होतो आणि वर साहेब म्हणवून घेत होतो. लाज वाटली. अजून वाटते.

रिवाज हा काही कोर्टात पुरावा होत नाही. म्हणून तासाभरात स्वतः एमआयडीसीत गेलो. फाटकावरचं रजिस्टर पाहिलं. खंडेनवमीला दुपारनंतर एकही नोंद नाही. वॉचमनला विचारलं, चारच्या पुढे कोण आलं होतं?

“धाकटे मालक आल्ते की.”

“मग रजिस्टरमध्ये का नाही?”

“मालकाच्या गाडीची नोंद कोण करतंय साहेब?” म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं.

पुढचं काम सरळ होतं. कॉम्प्युटरला कुठलाही पेनड्राइव्ह लावला की त्याचा नंबर आत उमटून राहतो. पंचांसमक्ष कॉम्प्युटर ताब्यात घेतला आणि धाकट्या मालकांच्या केबिनमधले पेनड्राइव्हही घेतले. नंबर जुळला. समोर ठेवल्यावर मुलाने पाच मिनिटं हुज्जत घातली आणि मग मान खाली घालून सगळं सांगितलं. त्याला स्वतःचा वेगळा धंदा थाटायचा होता आणि वडील ऐकत नव्हते, म्हणून भांडवलासाठी त्याने नक्ष्या त्या व्यापाऱ्याला विकल्या. त्याने खंडेनवमी निवडली, कारण त्या दिवशी कारखाना रिकामा असतो. तो का रिकामा असतो याचा मात्र त्याने विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी मालक एकटेच आले. एका रात्रीत वय वाढल्यासारखे दिसत होते. “घरातलं आहे साहेब, मिटवून टाका,” म्हणाले. तक्रार चालवायची नाही असं लिहून दिलं. गुन्हा अजून दाखल झाला नव्हता, त्यामुळे वरिष्ठांच्या संमतीने अर्ज दप्तरी दाखल झाला.

“आणि तुमच्या डिझायनरचं काय?” मी विचारलं.

“येऊ दे की उद्यापासून कामावर. मी कुठं नको म्हटलंय?”

“लोकांना काय सांगणार?”

ते पेन खिशाला लावून उठले. तेव्हा मला कळलं की कोणीच काही सांगणार नाही. अर्ज कपाटात जाईल आणि हा माणूस जन्मभर ‘पोलिसांनी नेलेला’ राहील. त्याला नेलं होतं मी.

मी डिझायनरला बोलावून घेतलं आणि जीप काढायला सांगितली. तो मागे सरला.

“जीपमदी नको साहेब. परत बघत्याल लोकं.”

“बघू देत. त्यासाठीच चाललोय. चला, तुम्ही पुढे बसा.”

पाळी बदलायच्या वेळेला आम्ही फाटकापाशी पोचलो. सायकली पुन्हा थांबल्या. मी पूर्ण गणवेशात होतो. उतरलो, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “यांची चौकशी पूर्ण झाली आहे. यांचा काडीचाही दोष नाही. चूक आमची झाली.” पोलीस खात्यात शेवटचं वाक्य कोणी शिकवत नाही.

मग सायकल धरून उभी असलेली एक वयस्क कामगार बाई म्हणाली, “आमाला ठावं हुतं की साहेब. तुमालाच उशिरा कळलं.”

डिझायनर मला नमस्कार करून आत गेला. दहा मिनिटांत डबा आणि चष्म्याचं घर घेऊन बाहेर आला. काम सोडलं होतं. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, “आता जातो ते माज्या पायानं जातो साहेब. चोर म्हणून न्हाय.” आठवड्याच्या आत त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्याने त्याला बोलावून नेलं.

पुढे माझं काम वाढतच गेलं. परदेशातून चालणारे गुन्हे, मोठमोठी प्रशिक्षणं, प्रमाणपत्रं. ती सगळी घरात एका फाइलला आहेत आणि ती फाइल मी क्वचितच उघडतो. पण त्या फाटकावर एक गोष्ट शिकलो ती सुटली नाही. माणसाला ठाण्यात आणलं की स्टेशन डायरीत नोंद होते, वेळेसकट. तो निर्दोष निघाला तर त्याला परत नेऊन सोडल्याची नोंद करायला रकाना नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत चारचौघांतून आणलेला जो कोणी निर्दोष निघाला, त्याला मी स्वतः चारचौघांत नेऊन सोडलं आणि ती ओळ दर वेळी डायरीत माझ्या हाताने लिहिली.