ओळखीचं कोणी नसलेलं गाव

आमच्या ह्यांना बाजारातून वांगी आणायची झाली तरी वाटेत तीन जणांना विचारल्याशिवाय पिशवी भरत नसे. तेव्हा सुटीत कुठे जायचं हे त्यांनी एकट्याने ठरवावं, ही अपेक्षा करणारी मीच वेडी. ते गोंदियाच्या मालधक्क्यावर बाबू होते. रेल्वेची नोकरी, म्हणजे वर्षाचा फुकट पास आलाच. त्या पासाच्या अर्जात जायचं स्टेशन लिहावं लागे, आणि वाटेत कुठे उतरणार तेही आधीच लिहावं लागे. आमच्याकडे तो अर्ज महिनाभर टेबलावर पडलेला असायचा, पेन्सिलने लिहिलेला आणि खोडरबराने झिजलेला. संध्याकाळ झाली की क्वार्टरच्या ओट्यावर सल्लागारांची बैठक भरायची, आणि मी आत त्यांच्या चहाचं आधण ठेवायची.

शेजारचे गार्डबाबू पुरी सोडून दुसरं काही सुचवत नसत. "वहिनी, समुद्र पाह्यला नाही तं काय पाह्यलं जिंदगीत?" असं ते तिथूनच आत ओरडून सांगायचे. तांदळाच्या मिलचे मुनीमजी हिंदीत डोंगरगडचं गुणगान करायचे, "भाभीजी, एक बार माता के दर्शन तो कर लो." मला सुरुवातीला वाटायचं, किती ही माणसं मायेची, किती फिरलेली! लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांतल्या कोणीही डोंगर, देऊळ किंवा समुद्र सुचवत नव्हतं. पुरीच्या वाटेवर गार्डबाबूंची बहीण दिली होती. डोंगरगडला मुनीमजींचे साडू होते. शिफारशीच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी एक पिशवी यायची. तिच्यात चिन्नोर तांदूळ, पोहे, लाखोरीची डाळ. "तिकडे जाऊनच राहिले तं एवढं देऊन द्या." आणि पिशवी घेऊन ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याच्याच घरी मुक्काम, हे ठरलेलंच. आमच्याकडे कोणी धर्मशाळेत उतरलं असतं तर ओळखीच्यांनी जन्मभर बोल लावला असता.

आता मुक्काम म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. पुरुष ओसरीवर गाद्या टाकून बसतात आणि बाई ट्रंक खाली ठेवून पदर खोचते. पुरीचा समुद्र मी पाहिला तो अर्धा तास. बाकीचे आठ दिवस गार्डबाबूंच्या बहिणीच्या स्वयंपाकघरातली खिडकी पाहिली. रायपूरला नणंदेकडे गेलो, तर तिने मला दारातच मिठी मारली आणि म्हणाली, "आली व बाई वहिनी! आता मले चार दिवस सुट्टी." मी हसले. हसावंच लागतं. पण मनात आलं, हिची सुटी माझ्या सुटीतून कापून चालली आहे आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मला फार मोठं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, जिथे आपलं कोणी म्हणजे कोणीच नाही अशा गावी जायचं. पाटावर बसावं, पुढ्यात ताट यावं, आणि त्यातलं काहीही मी रांधलेलं नसावं. हे मी ह्यांना सांगून पाहिलं. निदान मला वाटलं की मी सांगितलं. मी म्हणाले, "या वर्षी जरा वेगळीकडे जाऊ, जिथे ओळखीचं कोणी नाही." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्मशानात मुक्काम करू म्हणाले.

"कोणीच नाही तं जायचं कायले?"

पण खरं कारण तोंडाबाहेर पडलं नाही. दुसऱ्याच्या घरी चार पोळ्या लाटायचा कंटाळा येतो, हे बाईने म्हणायचं कसं? मी आतल्या आत जळत राहिले.

मग मी एक काम केलं. ओट्यावरच्या बैठकीत कुठल्या कुठल्या गावांची नावं निघतात हे मी महिनाभर कान देऊन ऐकलं. पुरी, डोंगरगड, रायपूर, नागपूर, नाशिक, एकदा तर थेट हरिद्वार. पण पचमढी कोणाच्याच तोंडून निघालं नाही. शाळेच्या भूगोलात मी वाचलं होतं की उन्हाळ्यात लाटसाहेब तिथे राहायला जायचे. इतकं चांगलं गाव, शिवाय आपल्याच प्रांतातलं, आणि कोणी सुचवत नाही, म्हणजे तिथे कोणाचं कोणी नाही! एके दुपारी हे कामावर असताना मी टेबलावरचा अर्ज पुसून काढला आणि जायच्या स्टेशनच्या जागी पिपरिया लिहिलं. पिपरियाहून पचमढीला बस जाते. लिहिलं ते शाईने. सरकारी कागदावरची शाई खोडायची हिंमत आमच्या ह्यांच्या सात पिढ्यांत कोणाची झाली नसती.

त्या संध्याकाळी ओट्यावर शोककळा पसरली. गार्डबाबूंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पचमढी? तिथं कोण हाय आपलं? खाल काय, राहाल कुठं?" मुनीमजी म्हणाले, "वहाँ तो खाली पहाड़ है." आणि ह्यांनी पंधरा दिवस माणूस शोधायचा सपाटा लावला. मालधक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, पार कुडवा गावच्या गाडीवानापर्यंत, की बाबा, पचमढीला तुझं कोणी आहे का? कोणी निघालं नाही. त्या पंधरा दिवसांत मी जितकी सुखात होते तितकी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी ट्रंकेत स्टोव्ह भरला. मी काढला. त्यांनी पुन्हा भरला, म्हणाले, "असू दे, पोरांचं दूध तापवायले." मी तो काढून गार्डबाबूंच्या बायकोकडे ठेवायला देऊन आले, म्हणजे मधला मार्गच उरला नाही.

छोट्या लाइनीची गाडी ज्या चालीने चालते ती तिच्यातून गेलेल्यालाच माहीत. नैनपूर येईस्तोवर दोन्ही मुलं कोळशाच्या कणांनी काळी झाली होती. जबलपूरला मोठी गाडी, पिपरियाला बस, आणि मग ती घाटाची वाट. मला कशाचा त्रास म्हणून झाला नाही. पचमढीच्या बाजारात एका बाईची खानावळ होती, मागे दोन खोल्या उतारूंसाठी. बाई वरूडकडची, विधवा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिने पाट मांडले आणि म्हणाली, "बसा." बस्स, इतकंच. गरम भाकरी, डाळ, वांग्याची भाजी, कांदा. भाकरी संपत आली की न मागता दुसरी यायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना वाटलं भाजी तिखट आहे.

असे दोन दिवस गेले. गुहा पाहिल्या, धबधबा पाहिला, म्हणजे पाहिला असणार, मुलं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. मला आठवतात ती चार ताटं.

पण आमचे हे दोन दिवस गप्प बसतील तर शपथ. मी मुलांना घेऊन फिरत होते, तेव्हा ते खानावळीच्या पायरीवर बसून बाईशी ओळख वाढवत होते. आमचं क्वार्टर कुठे, धान कधी निघतं, जवळच्या नागरा गावातलं महादेवाचं देऊळ किती जुनं, आणि आमची मिसेस स्वयंपाकात कशी तरबेज. तिसऱ्या दिवशी सकाळी पिपरियाची बस उशिरा आली आणि तिच्यातून दहा-बारा माणसं भुकेली उतरली. बाईच्या हाताखालची मोलकरीण आली नव्हती. बाईने कपाळाला हात लावला, आणि आमचे हे पायरीवरून उठून म्हणाले, "फिकर कायले करता बाई? आमची मिसेस हाय ना!"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बारा माणसं माझ्याकडे पाहत होती. मी पदर खोचला.

आम्ही दोघी चुलीपुढे बसलो. ती भाकरी थापत होती, मी भाजी चिरत होते. थोड्या वेळाने ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी सुट्टीले आल्या ना व बाई?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बसा तुमी. मी करतो काहीतरी."

पण बसता आलं नाही. ती एकटी आणि माणसं इतकी. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि निघायच्या सकाळीही मी तिच्या चुलीशी होते, कारण हे तोवर सगळ्या उतारूंना सांगून बसले होते की भाजी आमच्या घरची आहे. परतताना जबलपूरपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते त्यांच्या लक्षात आलं नैनपूरला.

गोंदियात पाय ठेवल्याबरोबर ओट्यावर ह्यांची नवीन शिफारस सुरू झाली. "पचमढीले जा! तिथं आपल्या बाई हायेत, अगदी घरच्यासारख्या!" पावसाळा संपायच्या आत गार्डबाबूंचा मेहुणा पचमढीला जाऊन आला, जाताना चिन्नोरची पिशवी घेऊन. जगात माझ्या वाट्याला आलेलं बिनओळखीचं एकच गाव होतं, तेही ह्यांनी नातेवाइकांत जमा करून टाकलं. मला रडू यायचं ते रागाने. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, नवरा इतका माणसं जोडणारा मिळाला आणि ही कुरकुरते.

दिवाळी होऊन गेली, धानाची कापणी लागली. एका सकाळी दारात टांगा थांबला आणि त्यातून ती बाई उतरली. एकटी, हातात पत्र्याची लहान पेटी. ह्यांनी तिला गोंदियाची शिफारस करून ठेवली होती! "एकदा याच," म्हणाले होते, आणि ती आली होती. हे आनंदाने उड्या मारत गार्डबाबूंना सांगायला पळाले. मी चुलीपुढे उभी राहिले आणि मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता चार दिवस पाहुणी, तिला पाहायला येणारी क्वार्टरांची सगळी लाइन, त्यांचा चहा, त्यांचे पोहे.

पाट मांडला, ताट वाढलं. नव्या तांदळाचा भात, आंबट वरण, वांग्याचं भरीत. आदळआपट केली नाही, पण हसूनही वाढलं नाही. ती सावकाश जेवत होती. भात संपत आला तशी मी न विचारता वाढला. ती हात थांबवून ताटाकडे पाहत राहिली.

"तुमच्या मालकांनी देऊळ सांगतलं, तळं सांगतलं," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी नाही आली व बाई. मालक गेले तवापासून मी दुसऱ्याच्या हातचं गरम जेवली नाही. म्हटलं, तुमाले समजन."

मी भरीत अजून वाढलं.

संध्याकाळी ओटा भरला. गार्डबाबू, मुनीमजी, त्यांच्या बायका. हे मधोमध उभे राहून म्हणाले, "बाई, मी सगळ्यायले सांगून ठेवलं हाय. आज तुमच्या हातची भाकरी होऊनच जाऊ द्या!" सगळे हसले. आणि ती खरंच उठली. चेहऱ्यावर तेच पाहुणेपणाचं हसू, हात पदराकडे गेलेला. ते हसू मला पाठ होतं.

मी हातातलं उलथनं घेऊन तशीच बाहेर आले. "त्या सुटीवर आल्या आहेत," मी म्हणाले. आवाज माझाच होता का, अशी मला शंका आली इतका तो मोठा होता. "त्यांना चुलीजवळ कोणी बोलवायचं नाही. त्या बसतील, आणि त्यांच्यापुढे ताट येईल."

 मुनीमजी घड्याळ पाहू लागले. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग अगदी साधेपणाने, मनात काही न ठेवता म्हणाले, "हो का? मंग असं सांगायचं ना! मले काय मालूम?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. वाक्य इतकं सोपं होतं, आणि ते मी दुसरीसाठी बोलले होते. माझ्यासाठी ते त्याच क्षणी, त्याच ओट्यावर, पुन्हा एकदा बोलता आलं असतं. सगळे ऐकत होते. मी तोंड उघडलंही. मग आत तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला आणि मी आत गेले.

ती चार दिवस राहिली. चारही दिवस मीच रांधलं.