किझी म्हणजे लेक

विभागप्रमुख नेमणाऱ्या समितीपुढं अनारकुल बसली, तेव्हा अध्यक्षांनी संगणकाचा पडदा तिच्याकडं फिरवला आणि हसू दाबत म्हणाले, "बाई, अफू, मेंढ्यांची खरूज, धरणाचं काँक्रीट! एवढा व्याप झेपतो तरी कसा तुम्हाला?"

पडद्यावर या साऱ्या लेखांची लेखिका एकच होती. आडनाव किझी. आता किझी म्हणजे अमक्याची लेक, आडनाव नव्हे, हे ओश शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण परदेशी नियतकालिकांना कोण सांगणार? त्यांनी नावातला शेवटचा शब्द उचलला आणि किर्गिझस्तानातल्या शिकल्यासवरल्या लेकींची एकच मोट बांधली. अनारकुल तुर्दुबाय किझी त्या मोटेत कुठंतरी तळाला गेली.

"यातलं माझं वेगळं काढा ना," ती म्हणाली.

"मी काढून काय उपयोग? यंत्र म्हणेल तेच खरं, असा नियम आहे. निर्विवाद तुमचे म्हणावेत ते फक्त जुने, सादिरोवा नावाचे लेख. पासपोर्ट पुन्हा सादिरोवा करा आणि तो दाखवून सगळीकडं नाव बदलून घ्या. हिवाळ्यापर्यंत थांबतो. नाहीतर दुसरा माणूस येईल, आणि ते तुमचं नाकात फवारायचं औषध वाटणं पहिल्यांदा बंद करील."

ते औषध म्हणजे अनारकुलचं आयुष्य होतं. तिचा धाकटा भाऊ मेलिस अफूच्या नशेत अंगणातच गेला, ओठ निळे पडून. सोबतचे मित्र पळाले, कारण रुग्णवाहिकेमागून पोलीस येतात. अफूनं मेंदू श्वास घ्यायला कसा विसरतो आणि त्याला आठवण कशी करून द्यायची, हे ती त्यानंतर जन्मभर शोधत राहिली. मग तिनं उतारा थेट नशेत अडकलेल्या पोरांच्या आयांच्या हातात दिला आणि आया तो नीट वापरतात, असं लिहून दाखवलं. त्या लेखाच्या आधारानं दूरदूरच्या देशांत औषध घरोघर पोचलं. स्वतःच्या विद्यापीठात मात्र पिकतं तिथं विकत नाही.

आणि नाव? जुनं आडनाव सादिर या आजोबावरून आलेलं, आणि तो तिनं कधी पाहिलाही नव्हता. मेलिसला माती दिल्यावर बाप तुर्दुबाय म्हणाला होता, "माझं नाव लावणारा गेला. आता तू लाव." तिनं सादिरोवा टाकून तुर्दुबाय किझी लावलं. तेव्हापासून तिचा लेख छापून आला की म्हातारा तो चहाखान्यात घेऊन जायचा. परकी अक्षरं त्याला वाचता येत नसत, पण आपलं नाव कुठं आहे ते बोटानं बरोबर दाखवायचा. लोक वैतागायचे आणि तरी बघायचे.

ती घरी आली. म्हाताऱ्यानं चहा ओतला, तिच्यापुढं पाव मोडून ठेवला आणि म्हणाला, "तोंड का पडलंय? कुणी काही बोललं?"

मग तिला सांगावंच लागलं. त्यानं पावाचा तुकडा चहात बुडवला.

"पोरीनं बापाचं नाव काढलं म्हणतात ना लोक?" तो म्हणाला. "आता खरंच काढून टाक." आणि आपल्याच विनोदावर एकटाच हसला.

"बाबा, नको. मी दुसरा काही मार्ग काढते."

"गप गं. त्या आया काय माझं नाव चाटणार आहेत? त्यांची पोरं अजून श्वास घेतायत. जा, कर."

ती गेली. तो मात्र दुसऱ्या दिवसापासून चहाखान्यात गेला नाही. कुणी विचारलं, तर गुडघ्यांवर ढकलायचा.

एकेका नियतकालिकानं नाव बदललं. लेख सुटे झाले, त्यांचे दाखले देणारे जगभरचे लोक मोजले गेले आणि अध्यक्षांचे डोळे विस्फारले. पहिल्या बर्फात प्राध्यापक सादिरोवा विभागप्रमुख झाली. औषध चालू राहिलं. त्याच हिवाळ्यात तुर्दुबाय गेला, चूल पेटवता पेटवता.

अंगणात शोकासाठी युर्ता, लोकरीचा गोल तंबू, उभारला. पुरुष बाहेर काठ्यांवर रेलून आक्रंदत होते, बायका आत भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. बापाचा विलाप लेकीनं गायचा असतो. तो कोण होता आणि आपण त्याच्या कोण, हे सुरात सांगायचं असतं. शेजारच्या ऊलकानमावशीनं तिला कोपरानं ढोसलं, "गा गं बाई. लेकीनं नाही गायचं तर कुणी?"

देशोदेशीच्या सभांत बोललेल्या अनारकुलला एक ओळ सुचेना. आपण कोण म्हणून सांगायचं, इथंच तिची जीभ अडली. मावशी उसासा टाकून दारापाशी गेली.

तेवढ्यात अध्यक्ष आले. टोपी सावरत त्यांनी हळूच विचारलं, "प्राध्यापक सादिरोवा कुठं आहेत?"

"त्या नावाचं इथं कुणी नाही, बाबा," ऊलकानमावशी म्हणाली. "आत तुर्दुबायची लेक बसलीय."

अनारकुलनं ते ऐकलं आणि तिला हंबरडा फुटला.